डिपॉझिटवर जीएसटी लावणाऱ्या कंपनीत मला नोकरी लागली होती

एकूण ३६,१२९ रुपये. नोकरीच्या नावाखाली फसवून नेलेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात, "किती गेले?" आणि आकडा ऐकला की त्यांच्या तोंडावर "हात्तिच्या, एवढेच ना!" असं उमटतं. ज्याच्या घरात कित्येक महिने पगाराचा मेसेज वाजलेला नाही, त्याला हे एवढेच म्हणजे किती, ते त्यालाच ठाऊक.

हिशोब असा. रजिस्ट्रेशन २,४९९. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन ८,८५०. लॅपटॉपचं 'रिफंडेबल' डिपॉझिट २४,७८०. चौथी मागणी १५,३४० ची होती, 'रिलोकेशन इन्शुरन्स' नावाखाली. ती दिली नाही. त्यात माझी हुशारी काही नाही, तोवर खात्यात काही उरलंच नव्हतं.

मी प्रोग्रॅमर. जिल्ह्याच्या गावी एका छोट्या कंपनीत व्यापाऱ्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवायचो, डॉटनेट आणि एसक्यूएल सर्व्हरवर. गिऱ्हाइकं हळूहळू मोबाइल अ‍ॅपकडे वळली आणि मालकाने एक दिवस चहा पाजून निरोप दिला. आमच्याकडे आयटी म्हणजे चार वेबसाइटवाले, दोन-तीन टॅलीवाले आणि गल्लोगल्ली फुल स्टॅक शिकवणारे क्लासेस. जिथे नोकऱ्या नाहीत तिथे नोकरी लावून देणाऱ्यांचा धंदा मात्र जोरात. पुण्याला जाऊन हिंजवडीत वॉक-इनच्या रांगा लावल्या. तिथे फ्रेशरच्या जागेला मी जास्त अनुभवी आणि अनुभवाच्या जागेला माझं काम 'लेगसी', म्हणजे जुनाट. क्लाऊड आहे का, नाही. मायक्रोसर्व्हिसेस आहे का, नाही. कळवतो. कुणीही कळवत नाही.

अशा वेळी एका मोठ्या जॉब पोर्टलवरून बायोडेटा बघून फोन येतो. बाई मराठीत बोलतात, "सर" म्हणतात, आणि माझ्या बायोडेट्यातली ती जुनी टेक्नॉलॉजी हीच त्यांना हवी असते. एका नावाजलेल्या कंपनीच्या सपोर्ट प्रोजेक्टसाठी. ६.८ लाखांचं पॅकेज, जागा पुण्यात.

"तुला कळलं कसं नाही?" असं विचारणाऱ्यांना एकच सांगतो: इंटरव्ह्यू खरा झाला. दोन राउंड. समोरच्याने कॅमेरा बंद ठेवला होता, पण हल्ली खऱ्या कंपन्यांतले लोकही ठेवतात. त्याने क्लस्टर्ड आणि नॉन-क्लस्टर्ड इंडेक्समधला फरक विचारला, डेडलॉक कसा शोधशील ते विचारलं, स्क्रीन शेअर करून एक क्वेरी लिहायला लावली आणि माझी जॉइनमधली चूक दाखवून दिली. बरोबर दाखवली. ज्याला इतकं येतं तो असला धंदा का करेल, असं वाटलं. आता वाटतं, त्यालाही कुठे काम मिळत नसेल.

ऑफर लेटर आलं. लोगो, सही, पीएफची टक्केवारी, नोटीस पिरियड, सगळं जिथल्या तिथे. मेल ज्या डोमेनवरून, म्हणजे @ च्या पुढच्या ज्या पत्त्यावरून, आला त्यात खऱ्या कंपनीच्या नावापुढे एक डॅश आणि 'करिअर्स' चिकटवलेलं होतं. डोमेन कधी नोंदवलं गेलं ते हूइज नावाच्या नोंदवहीत ऑनलाइन फुकट दिसतं. मी नंतर बघितलं, ते त्याच महिन्यात नोंदवलेलं होतं. यापुढे तुम्हाला ऑफर आली तर पेढे नंतर वाटा, आधी हे बघा.

पण डोमेनचं सोडा. मला रात्री झोपू देत नाही ते त्यांचं बिल.

प्रत्येक पेमेंटला ते रीतसर टॅक्स इन्व्हॉइस पाठवायचे. पीडीएफ, नंबर टाकलेलं, खाली शिक्का. व्हेरिफिकेशनचे ७,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणून ८,८५०. लॅपटॉप डिपॉझिट २१,००० आणि त्यावर १८ टक्के, म्हणून २४,७८०. मी तो आकडा मनातल्या मनात ताळून बघितला. पैशापर्यंत बरोबर निघाला आणि मला बरं वाटलं! हिशोब चोख आहे म्हणजे माणसं चोख आहेत. ही रक्कम बायकोच्या भिशीची होती, तीसुद्धा तिने न मागता दिली.

पुढे चौथी मागणी आली तेव्हा मावसभाऊ घरी आला होता. तो एका टॅक्स कन्सल्टंटकडे रिटर्न भरायचं काम करतो. उसने मागायचे म्हणून त्याला मोबाइलवर आधीचं बिल दाखवलं. त्याने दोन बोटांनी पीडीएफ मोठं केलं, जरा वेळ बघितलं आणि म्हणाला, "दादा, डिपॉझिटवर जीएसटी कोण लावतं?"

परत करायच्या डिपॉझिटवर जीएसटी लागत नाही. ते डिपॉझिट घेणाऱ्याने बिलापोटी वळतं करून घेतलं तरच लागतो. हे मला माहीत होतं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये डिपॉझिटची पावती वेगळी, बिनकराची निघायची, आणि तो भाग मीच लिहिला होता. मग भावाने बोट खाली सरकवून जीएसटी नंबरावर ठेवलं आणि पुढे काही बोललाच नाही. बोलायची गरजही नव्हती. पंधरा अक्षरांचा तो नंबर असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. बिलावर पत्ता पुण्याचा आणि नंबराची सुरुवात ०७, म्हणजे दिल्ली. पुढची दहा अक्षरं पॅनची. पॅनचं चौथं अक्षर धारक कोण ते सांगतं: कंपनी असेल तर सी, साधी व्यक्ती असेल तर पी. म्हणजे जीएसटी नंबरातलं सहावं अक्षर बघायचं. वर नाव 'प्रायव्हेट लिमिटेड' आणि सहावं अक्षर पी. शेवटचं चेकसमचं अक्षर, जे आधीच्या अक्षरांवरून गणिताने निघतं, तेवढं जुळत होतं, म्हणजे दिल्लीतल्या कुणा बिचाऱ्या व्यापाऱ्याचा खरा नंबर उचललेला. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करता नंबर टाकला की नाव समोर येतं. आलंही, भलत्याच दुकानाचं.

हा नंबर तपासायचा कोड मी माझ्या हाताने लिहिलेला आहे. व्यापाऱ्याने चुकीचा नंबर टाकला तर लाल पट्टी यायची: 'राज्याचा कोड पत्त्याशी जुळत नाही.' त्या लाल पट्टीबद्दल लोक फोन करून मला शिव्या द्यायचे.

तरी सांगतो, ज्याला नोकरी हवी असते तो बिल तपासत नाही, जॉइनिंगची तारीख बघतो. बाईंनी दर वेळी दोनच तासांची मुदत दिली. तिसरं पेमेंट एका माणसाच्या बचत खात्यावर मागितलं, "आमचं करंट अकाउंट ऑडिटमध्ये आहे" म्हणून. घाईत हेही खपून जातं. ज्यांना खपणार नाही असं वाटतं ते नोकरीत आहेत, एवढाच फरक.

आता यंत्रणांचं ऐका.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लागला, तक्रार घेतली, राष्ट्रीय सायबर पोर्टलवरचा तक्रारीचा नंबर मिळाला. त्यांच्याबद्दल राग नाही. पण तिथे तासांचा खेळ असतो. पैसे पहिल्या खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्यात पळायच्या आत फोन गेला तर अडवता येतात. मी आधी बाईंना फोन लावत बसलो, "रिफंड प्रोसेस" ऐकत बसलो. तुम्ही बसू नका. खात्री व्हायची वाट न बघता संशय आला की १९३० लावा.

मग पोलीस ठाणं. "हे सायबरचं." सायबरला गेलो तर "रक्कम बघता आधी तुमच्या ठाण्यात अर्ज द्या." ठाण्यात परत, तर "घटना कुठे घडली? कंपनी पुण्याची ना? मग पुण्याला." मी घरातल्या खुर्चीत बसून पैसे पाठवले हो, घटना खुर्चीत घडली! भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्वच्छ लिहिलंय की हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यायची. कलमाचा प्रिंट खिशात होता. तो काढल्यावर साहेब म्हणाले, "वकील आहात का?" नाही म्हटलं, इंजिनियर. "इंजिनियर असून फसलात?" आणि शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. त्या हसण्याची तक्रार कुठल्या पोर्टलवर करायची?

शेवटी 'अर्ज' घेतला, गुन्हा नाही. अर्ज आणि एफआयआर यातला फरक आपल्याला सांगितला जात नाही. अर्जावर कुणी तपास करेल ही आशा सोडा. निदान दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट पोच घ्या. ठाणं ऐकत नसेल तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवा, तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. माझा कागद अधीक्षक कार्यालयाच्या आवक रजिस्टरमध्ये चढलाय, उतरलेला नाही.

बँकेचा तर निराळाच प्रकार. मॅनेजर म्हणाले, पैसे ज्या खात्यात गेले त्याची माहिती पोलिसांचं पत्र आल्याशिवाय देता येत नाही. पोलीस म्हणाले, शिक्क्यानिशी स्टेटमेंट आणल्याशिवाय पत्र देता येत नाही. स्टेटमेंट घ्यायला गेलो तर शिक्का ज्यांच्या ताब्यात त्या मॅडम ट्रेनिंगला. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक दाखवलं, कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, असं त्यात आहे. ते म्हणाले, ते तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहाराला. तुम्ही तर स्वतः पिन टाकलात. हे मात्र खरं निघालं. म्हणून सांगतो, पिन टाकायच्या आधी जे काय करायचं ते करा. पुढे कायदा तुमच्या बाजूने फारसा उभा राहत नाही.

ज्या कंपनीच्या नावावर हे सगळं झालं तिला मेल केला. आपोआप उत्तर आलं: आम्ही उमेदवारांकडून पैसे घेत नाही. जॉब पोर्टलने जाहिरात काढली आणि 'तुमचा अनुभव कसा होता' म्हणून पाच चांदण्या पाठवल्या.

एका खात्यात १,९१२ रुपये होल्ड झालेत म्हणे. ते सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल, असं मला सांगितलं. वकिलाची फी विचारली आणि गप्प घरी आलो.

जे आत्ता अशाच कुणाशी बोलत असतील त्यांच्यासाठी: कुठल्याही खऱ्या कंपनीत उमेदवाराचं व्हेरिफिकेशन कंपनीच्या खर्चाने होतं. लॅपटॉप तिचा, खर्च तिचा. 'बॅकडोअर', म्हणजे मागच्या दाराने नोकरी, म्हणून कुणी दोन-अडीच लाख सांगत असेल तर तोही याच जातीचा, फक्त मोठा. कंपनीच्या मुख्य वेबसाइटवरचा नंबर स्वतः शोधून फोन करा, मेलमधल्या नंबरावर नको. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर नाव टाका. रिक्रूटर चिडतो का ते बघा. हूइज विचारल्यावर खरा एचआर फार तर कंटाळेल, चिडणार नाही.

आणि पैशाहून जास्त भीती कागदांची. मी त्यांना आधार, पॅन, कॅन्सल चेक, सहीचा फोटो, सगळं पाठवलंय. तुम्हीही पाठवलं असेल तर आधारचं बायोमेट्रिक आजच लॉक करा. संचार साथी या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघा. क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढून न घेतलेलं कर्ज दिसतंय का ते तपासा. माझ्या नावावर एक सिम जास्त निघालं. ते बंद करायची विनंती टाकली आहे, स्टेटस अजून 'प्रलंबित'.