हॅलोवीनचा पोशाख: घरी शिवायचा, विकत आणायचा, की हुडीवर भागवायचं?

31 ऑक्टोबरच्या संध्याकाळी न्यू जर्सीत किंवा शिकागोत गारठा असतो, हे सप्टेंबरमध्ये कोणाच्याच डोक्यात नसतं. दुकानात झगमगीत झगा टांगलेला असतो, लेक हट्ट धरते, आपण घेऊन टाकतो. मग ऐन ट्रिक-ऑर-ट्रीटच्या, म्हणजे घरोघरी गोळ्या-चॉकलेटं मागत फिरायच्या वेळी त्यावर जाडजूड जॅकेट चढवून तिला दारोदार फिरवतो. आत राजकन्या आहे की जलपरी, बघणाऱ्याला काय कळणार? म्हणून शिवायचं की विकत आणायचं हा हिशेब मी पैशांपासून सुरू करत नाही. आधी दोन गोष्टी बघायच्या: त्या रात्री तुमच्या गावात थंडी किती असते, आणि ते पात्र नेमकं कशावरून ओळखू येतं.

काही पात्रं आकारावरून ओळखू येतात. टोपीची लाल केप दिसली की लिटल रेड रायडिंग हूड, पाठीवर काटे आणि मागे शेपूट दिसलं की डायनासोर. काहींची सगळी ओळख मात्र कापडाच्या चमकेत, छापलेल्या नक्षीत किंवा एखाद्या चिन्हात असते. माझं सरळ मत असं की आकाराची पात्रं घरी शिवावीत आणि चमकेची विकत आणावीत. ही ओळखीची अडचण जुनीच आहे. न्यूयॉर्कच्या बेन कूपर कंपनीने 1937 पासून कितीतरी दशकं अमेरिकेतल्या पोरांना प्लास्टिकचे मुखवटे आणि झबल्यासारखे पोशाख विकले. त्यातल्या पुष्कळ झबल्यांवर त्या पात्राचंच चित्र आणि नाव छापलेलं असायचं. म्हणजे पोशाख घालूनही छातीवर पाटी लावल्यासारखं!

पूर्ण घरी शिवायचं असेल तर: केप

शिवणात नवखं असाल तर केपनेच सुरुवात करा, आणि कापड फ्लीसच, म्हणजे लोकरीसारखं मऊ, जाडसर पॉलिएस्टरच घ्या. फ्लीसचे दोरे सुटत नाहीत, त्यामुळे काठ दुमडून टीप मारायचं कामच नाही. कापून तसाच सोडला तरी चालतो. शिवाय ते उबदार असतं, त्यावर जॅकेट लागत नाही. हा एकच गुण बाकी सगळ्यांवर मात करतो.

बेतायचं गणित सोपं आहे. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी गळ्याचा सैलसर घेर 13 इंच धरा. अर्धगोल केप असेल तर गळ्याची त्रिज्या 13 भागिले 3.14, म्हणजे साधारण 4 इंच. फ्लीसचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, बहुधा 58 ते 60 इंच असतो. 58 इंच पन्ह्यात 29 इंच त्रिज्येचं अर्धवर्तुळ बरोबर बसतं. त्यातून गळ्याचे 4 इंच गेले की 25 इंच लांबीची केप मिळते, या वयाच्या मुलाला जेमतेम गुडघ्यापर्यंत येईल अशी. दीड वार म्हणजे 54 इंच कापड घेतलंत तर केप कापून खाली 25 इंचांची पट्टी उरते. त्यातून टोपीचे दोन तुकडे आरामात निघतात. टाचणीला दोरा बांधून दुसऱ्या टोकाला खडू धरला की वर्तुळही आखून होतं, पॅटर्न विकत घ्यायची गरज नाही.

गळ्याला नाडी मात्र लावू नका. अमेरिकेत 2टी (साधारण दोन वर्षांचं माप) ते 12 मापाच्या मुलांच्या जॅकेटांना आणि स्वेटशर्टांना टोपीत किंवा गळ्यात नाडी लावून विकता येत नाही, कारण ती कशात तरी अडकून गळा आवळला जातो. घरच्या केपेला तो नियम कोणी लावायला येणार नाही, पण धोका तोच. वेल्क्रोचा तुकडा लावला की कोणी मागून केप ओढली तर ती सुटून येते.

मशीनवर फ्लीससाठी बोथट टोकाची, म्हणजे बॉलपॉइंट सुई लावा आणि सरळ टिपेऐवजी अरुंद झिगझॅग ठेवा. टाकाही थोडा लांब करा, नाहीतर शिवण लाटेसारखी वरखाली होते. टोपी, गळा, वेल्क्रो मिळून एका दुपारचं काम. खर्च कापडाच्या भावावर. फ्लीसवर वर्षभर कुठे ना कुठे सेल असतो, त्यात घेतलंत तर तयार पोशाखाच्या निम्म्याहून कमीत केप होते. मशीनच नसेल आणि फक्त यासाठी घ्यायचं म्हणत असाल, तर मात्र हे गणित पहिल्या वर्षी कोलमडतं.

मधला रस्ता: हुडी

मला विचाराल तर दहातल्या सात घरांना हाच पर्याय बरा. गुडविलसारख्या जुन्या कपड्यांच्या दुकानातून एक साधी, एका रंगाची, पुढे चेन असलेली हुडी आणायची आणि त्यावर फक्त ओळखीचा भाग शिवून लावायचा: काटे, कान, शेपूट, पंख. बाही, मोंढा (बाही जोडायची जागा), चेन ही सगळी किचकट कामं आधीच झालेली असतात.

हुडी निवडताना टोपी उलटून बघा. दोन तुकड्यांच्या टोपीला मधोमध, कपाळापासून मानेपर्यंत एक शिवण असते. डायनासोरचे काटे लावायचे तर ती शिवण उसवायची, फ्लीसचे किंवा फेल्टचे त्रिकोण तिच्यात खोचायचे आणि पुन्हा टीप मारायची. काटे टोपीतूनच उगवल्यासारखे दिसतात. तीन तुकड्यांच्या टोपीला मध्ये शिवण नसते, बाजूंना दोन असतात. ती घेतली तर काटे वरून हातशिलाईने चिकटवावे लागतात आणि पहिल्याच धावपळीत एका बाजूला कलंडतात. पाठीवर शिवण नसतेच. तिथे काटे आधी एका लांब पट्टीवर शिवून घ्या आणि मग ती पट्टी पाठीवर लावा.

शेपूट हुडीला शिवू नका. कापूस भरलेलं शेपूट जड होतं, हुडी मागे ओढली जाते आणि चेन गळ्याशी येऊन रुतते. इलॅस्टिकच्या पट्ट्याला शेपूट शिवा, पट्टा कमरेला बांधा आणि हुडी त्यावरून खाली ओढा. शाळेत बाकावर बसायची वेळ आली की शेपूट काढून दप्तरात ठेवता येतं.

याचा आणखी एक फायदा कोणी बोलत नाही. तयार पोशाखांत पुष्कळ अखंड असतात, डोक्यापासून घोट्यापर्यंत एकच, चेन पाठीमागे. शाळेच्या हॅलोवीन परेडच्या दिवशी पोराला एकट्याने बाथरूमला जाता येत नाही. हुडी-पँटला ही अडचणच नाही. आणि नोव्हेंबरमध्ये काटे उसवून टाकले की हुडी रोजच्या वापराला मोकळी.

विकत कधी आणायचं

साटीन, नेट, टिकल्या यांचं पात्र असेल तेव्हा. साटीन मशीनखाली घसरतं, त्याचे दोरे जागोजाग सुटतात, उसवलं की सुईची भोकं दिसतात. घेरदार झग्याला चार-पाच वार कापड सहज लागतं, वर अस्तर, चुण्या, पाठीला चेन. हौस आणि हात दोन्ही असतील तर जरूर शिवा, पण पैसे वाचतील म्हणून नका शिवू. वाचत नाहीत.

तयार झगा आणलात तर लेबलवरच्या वयावर भिस्त ठेवू नका, छाती मोजा आणि एक माप मोठा घ्या. आत थर्मल आणि लेगिंग्ज घालता आल्या पाहिजेत. ज्यांना घाई नाही आणि पुढच्या वर्षीचं माप अंदाजे ठरवता येतं, त्यांनी 1 नोव्हेंबरला दुकानात जावं. तेव्हा उरलेला माल निम्म्या किमतीला निघतो. अर्थात मूल तोपर्यंत त्याच पात्राच्या प्रेमात असेल याची खात्री कोण देणार!

भारतातून शिवून मागवणं हा चौथा पर्याय आपल्याकडे हमखास निघतो. आजी हौसेने म्हणते, आमच्या शिंप्याकडून शिवून पाठवते. राजा, राणी, मावळा असं काही असेल तर जरूर मागवा, तसं काम इथे होणार नाही. पण मापं जुलैत जातात आणि पोशाख घातला जातो ऑक्टोबरच्या शेवटी. बाह्यांना आणि उंचीला आत दोन-दोन इंच माया, म्हणजे जादा कापड, सोडायला सांगा. पुण्या-मुंबईतली फॅन्सी ड्रेसची दुकानं भाड्याने देतात तसले पोशाख मागवण्यात अर्थ नाही, ते शाळेच्या स्टेजवर पाच मिनिटं उभं राहण्यापुरते असतात.

कापड आणायचं कुठून

हे आता पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. जोॲन ही कापडाची साखळी 2025 मध्ये पूर्ण बंद झाली. तिची 40 टक्क्यांची कुपनं घेऊन फ्लीस आणायची सवय असलेल्यांना हे चांगलंच जाणवलं. जोॲनचं नाव हस्तकलेच्या सामानाची दुकानं असलेल्या मायकेल्सने विकत घेतलं आणि कापडाचा माल वाढवला. तसलंच हॉबी लॉबी आहे, काही वॉलमार्टमध्येही वारावर कापड कापून मिळतं. ऑनलाइन मागवलंत तर रंग आणि जाडी घरी आल्यावरच कळते, त्यासाठी आठवडाभर हाताशी ठेवा. तयार पोशाखांच्या बाजूलाही पार्टीचं सामान विकणाऱ्या पार्टी सिटीने त्याच वर्षी आपली दुकानं बंद केली. रिकाम्या गाळ्यांत हंगामापुरती उघडणारी स्पिरिट हॅलोवीनची दुकानं मात्र आहेत.

आगीचं तेवढं बघा

त्या रात्री ओट्याओट्यावर पोखरलेले भोपळे असतात आणि काहींत अजूनही खरी मेणबत्ती असते. झिरझिरीत सुती कापड आणि रेयॉन पटकन पेट घेतात. पॉलिएस्टर आणि नायलॉन त्या मानाने उशिरा पेटतात, तयार पोशाखावर ‘फ्लेम रेझिस्टंट’ असं लेबलही बघता येतं. घरी शिवताना लेबल नसतं, पण कापड आणि घेर दोन्ही तुमच्या हातात असतात. बाही मनगटाशी इलॅस्टिकने आवळा, खालचा काठ घोट्याच्या वर ठेवा. मागे पाठीवर परावर्तक टेपची एक पट्टी लावली तर अंधारात गाडीवाल्याला मूल दिसतं. मुखवट्याच्या फंदात पडूच नका. बऱ्याच शाळा परेडला तो चालू देत नाहीत आणि बाहेर त्यातून नीट दिसत नाही.

वेळ

आपल्या घरांत हॅलोवीन आणि दिवाळी एकमेकांच्या अंगावर येतात. 2024 मध्ये नरक चतुर्दशी 31 ऑक्टोबरलाच होती. 2026 मध्ये लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे, म्हणजे चकलीचा सोऱ्या आणि शिलाई मशीन एकाच आठवड्यात एकाच टेबलावर. केप किंवा हुडी करायची असेल तर सप्टेंबरअखेर कापड घरात असू द्या.

फक्त कात्री लगेच लावू नका. पोरं ऑक्टोबरच्या मध्यावर पात्र बदलतात आणि कापलेलं कापड दुकानं सहसा परत घेत नाहीत. आठवडाभर रोज जेवताना विचारा, ‘काय रे, डायनासोरच ना?’ सात दिवस उत्तर तेच आलं तर त्रिकोण कापायला घ्या. मध्येच अंतराळवीर निघाला, तर करड्या हुडीवर तोही बसतो.