लहान मूल आणि कुत्र्यासाठीची प्रथमोपचार पेटी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

घेतली तेव्हा चार तारे दिले होते, आज दोनवर आणतोय. कारण एकच, त्यातली स्वतःलाच चिकटणारी ताणपट्टी.

पट्टी कातडीला चिकटत नाही, केसांना चिकटत नाही, पिनही लागत नाही. मुलाच्या गुडघ्याला आणि कुत्र्याच्या पंजाला सारखीच सोयीची, म्हणून सुरुवातीला पेटीतली सगळ्यात चांगली वस्तू हीच वाटली. पण ताणून गुंडाळली की ती नंतर आखडत राहते, आणि खाली सूज आली की आणखी आवळते. सोबतच्या चित्रात मात्र ती पूर्ण ताणून गुंडाळताना दाखवली आहे! वाचणारा तसंच करणार, आणि पंजाचा रक्तपुरवठा अडणार.

खरी रीत अशी. जखमेवर गॉझ म्हणजे जाळीदार कापड, त्यावर कापसाचा थर (कापूस थेट जखमेवर नको, तंतू चिकटतात). पट्टी रिळावरून हातभर सैल सोडवून घ्या, मग निम्म्याहून कमी ताण ठेवून बोटांकडून वर गुंडाळत जा. प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवा. कुत्र्याच्या बोटांमध्येही कापूस भरा आणि मधल्या दोन बोटांची टोकं उघडी ठेवा. ती नखं एकमेकांपासून फाकलेली दिसली, बोटं गार लागली किंवा कुत्रा पट्टी कुरतडायला लागला, तर लगेच कापून काढा. मुलाचं नख दाबून सोडलं की 2 सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवं. ओली झालेली पट्टी अंगावर वाळू देऊ नका, बदला. पावसात फिरवताना पंजावर प्लास्टिकची पिशवी घाला आणि घरी आल्याबरोबर काढा.

कुत्रा किंवा मांजर चावलं तर ही पट्टी बांधूच नका. साबण आणि वाहत्या नळाखाली 15 मिनिटं धुवा, पोव्हिडोन आयोडीन लावा, जखम उघडी ठेवून त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठा. रक्त न येता नुसतं खरचटलं असेल तरीही. भाजल्यावरही पट्टीची घाई नको. आधी नळाचं साधं पाणी 20 मिनिटं. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नाही.

पट्टी संपल्यावर तेवढीच मागितली, तर उत्तर आलं की सुटी मिळत नाही, अख्खी पेटी घ्या. का घ्यायची? गॉझ, सलाईनची छोटी बाटली, जखम धुवायला बिनसुईची 10 मिलिची सिरिंज, सगळं औषधाच्या दुकानात सुटं मिळतं. पेटीतलं पाण्यात दुधाळ होणारं जंतुनाशक मी काढूनच टाकलं. घरात मांजर असेल तर तुम्हीही काढा. मांजर अंग चाटते आणि ते तिला विषारी आहे. पॅरासिटामॉलही मांजराला कधीच नाही.

एवढं लिहून झाल्यावर पेटीतलं, घशात काही अडकल्यावर काय करायचं ते सांगणारं कार्ड पुन्हा वाचलं, आणि ते अचूक आहे. 1 वर्षाखालचं बाळ हातावर पालथं, डोकं खाली, दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने 5 थापा. मग उताणं करून छातीवर 5 दाब. न दिसणाऱ्या वस्तूसाठी तोंडात बोट फिरवायचं नाही, हेही ठळक छापलंय. त्यासाठी दोनाचे तीन तारे करतोय. बोथट टोकाची कात्रीही उत्तम, केसाळ पायावरची पट्टी कातडीला न लागता कापते.