आफ्रिकेतील गरीब मुलांसाठी देणगी : मुलाचे पालकत्व, कुटुंबाच्या हाती रोख रक्कम की मच्छरदाणी?

दर महिन्याला साधारण ४० डॉलर बाजूला काढून ते आफ्रिकेतील एखाद्या गरीब मुलाच्या उपयोगी पडावेत, अशी इच्छा असणारी मराठी कुटुंबे परदेशात पुष्कळ आहेत. कोणी आईवडिलांच्या स्मरणार्थ, तर कोणी मुलाच्या पहिल्या वाढदिवसानिमित्त असा संकल्प करतात. संकल्प सोपा असतो, संस्था निवडणे कठीण असते, कारण प्रत्येक संस्थेच्या माहितीपत्रकावर हसऱ्या मुलाचाच फोटो असतो आणि त्या फोटोमागे पैसा नेमका कोणत्या वाटेने जातो, हे चटकन कळत नाही. या वाटा एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत. त्या शेजारीशेजारी ठेवून पाहिल्यावर माझे जे मत झाले, ते आधीच सांगते: मुलाची गरिबी ही त्याच्या घराची गरिबी असते, म्हणून प्रत्येक योजनेला पहिला प्रश्न विचारावा तो हा की, यातून घराच्या हाती काय पडते आणि मदत थांबल्यावर त्यातले काय उरते.

सर्वांत परिचित मार्ग पालकत्व योजनेचा आहे. आपल्याकडे शैक्षणिक पालकत्व किंवा विद्यार्थी दत्तक योजना म्हणून जे चालते, त्याच्याशी हा मार्ग मिळताजुळता आहे. वर्ल्ड व्हिजन, प्लॅन इंटरनॅशनल आणि कंपॅशन इंटरनॅशनल या त्यातील मोठ्या संस्था. बाहेरून तिन्ही सारख्या दिसतात: एक मूल, एक फोटो, वर्षातून काही पत्रे. आत मात्र महत्त्वाचा फरक आहे. वर्ल्ड व्हिजन आणि प्लॅन यांच्याकडे तुमची वर्गणी त्या एका मुलावर खर्च न होता त्याच्या परिसरातील पाणी, शाळा आणि आरोग्य यांच्या सामायिक कामात मिसळते. मूल हे त्या परिसराचे प्रतिनिधी असते. कंपॅशनमध्ये पैसा बऱ्याच अंशी त्याच मुलावर खर्च होतो: शाळेची फी, गणवेश, आरोग्यतपासणी आणि शाळेबाहेरच्या वेळात स्थानिक चर्चमध्ये भरणारे वर्ग. त्या वर्गांत ख्रिस्ती धर्मशिक्षणही असते आणि संस्था ते उघडपणे सांगते. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी वर्गणी सुरू करण्यापूर्वीच ठरवावे, नंतर मन खट्टू करून घेऊ नये.

या पद्धतीचा उपयोग होतो का, याची चांगली तपासणी कंपॅशनच्याच बाबतीत झाली आहे. ब्रूस विडिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युगांडा, केनिया आणि भारत यांच्यासह सहा देशांतील १०,१४४ जणांची माहिती गोळा करून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. लहानपणी पालकत्व लाभलेली मुले इतरांपेक्षा १ ते दीड वर्ष अधिक शिकली, माध्यमिक शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण १२ ते १८ टक्केबिंदूंनी वाढले आणि मोठेपणी त्यांना बऱ्या नोकऱ्या मिळण्याची शक्यताही वाढली. मला या अभ्यासात सर्वांत मोलाचे वाटले ते असे की, हा फरक केवळ फीमुळे पडला नसावा, तर ‘आपण शिकून कोणीतरी होऊ शकतो’ ही उमेद मुलांच्या मनात रुजल्यामुळेही पडला असावा, असे संशोधकांना आढळले. पत्राला आणि त्या आठवड्याच्या वर्गाला एवढे महत्त्व असू शकते. मात्र हे निष्कर्ष एका संस्थेच्या पद्धतीचे आहेत. सामायिक निधीत पैसा मिसळणाऱ्या संस्थांना ते जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

दुसरा मार्ग याच्या अगदी उलट आहे. गिव्हडायरेक्टली ही संस्था मुलाची निवड करत नाही, वर्ग चालवत नाही, शेळी देत नाही; ती गरीब कुटुंबाच्या मोबाइलवर थेट पैसे पाठवते. २००७ मध्ये केनियात सफारीकॉम कंपनीने एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा सुरू केल्यामुळे हे शक्य झाले. ‘पेसा’ हा स्वाहिली शब्द आपल्या ‘पैसा’ या शब्दाचाच सहोदर आहे. हिंदी महासागरावरील जुन्या व्यापाराची ती खूण म्हणता येईल. पश्चिम केनियातील एखाद्या गावात ही मदत कशी पोहोचते, ते जवळून पाहण्याजोगे आहे. सुरुवातीच्या काळात संस्थेचे कार्यकर्ते घराचे छप्पर पाहत असत: गवताने शाकारलेले छप्पर असेल तर ते घर पात्र. नोंदणी आणि पडताळणी झाली की फोनवर संदेश येतो आणि घरातील बाई जवळच्या बाजारात एम-पेसाच्या हिरव्या रंगाच्या टपरीवर जाऊन रोकड घेते. त्या पैशांतून पुष्कळ घरांनी केलेली पहिली खरेदी म्हणजे ‘मबाती’, म्हणजे छपराचे पत्रे. ज्यांच्या घरात पावसाळ्यापूर्वी शाकारणीची धावपळ होत असे, त्यांना या खरेदीतला शहाणपणा समजावून सांगावा लागणार नाही: गवत पुन्हा पुन्हा बदलावे लागते, त्याचा खर्च चुकत नाही आणि तरीही रात्री पोरांची अंथरुणे इकडून तिकडे सरकवावीच लागतात.

गरिबांच्या हाती पैसे दिले तर ते दारूत उडवतील, ही शंका सर्वप्रथम निघते. पश्चिम केनियातील रारिएडा या भागात योहानेस हाउसहोफर आणि जेरेमी शापिरो यांनी केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दारू-तंबाखूवरील खर्च वाढल्याचे आढळले नाही. अन्नावरचा खर्च वाढला, जनावरे वाढली, घरातील मानसिक ताण कमी झाला. पुढे सियाया परगण्यातील ६५३ गावांत, १०,५०० गरीब कुटुंबांना सुमारे १,००० डॉलर देऊन त्याहून मोठा अभ्यास झाला. बाहेरून आलेल्या प्रत्येक डॉलरमागे त्या परिसरातील उलाढाल सुमारे अडीच डॉलरनी वाढली आणि महागाई मात्र नगण्य राहिली. म्हणजे ज्यांना पैसे मिळाले नाहीत त्या दुकानदाराचे आणि सुताराचेही भले झाले. २०२५ मध्ये याच भागातून आलेल्या निष्कर्षाने तर मी थबकलेच. ज्या घरांना बाळाच्या जन्माच्या सुमारास पैसे मिळाले, तेथे पहिल्या वाढदिवसापूर्वी होणारे बालमृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी झाले होते. आईला शेवटच्या महिन्यांत शेतावरच्या कष्टातून थोडी उसंत मिळाली, पोटाला पुरेसे मिळाले, आणि दवाखाना जवळ असेल तेथे तिला तो गाठता आला. मुलाच्या नावाने एक पैसाही न मागता केलेली मदत मुलापर्यंत अशी पोहोचते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रारिएडातील अभ्यासात आहार सुधारला असला तरी मुलांच्या शिक्षणात ठळक फरक दिसला नव्हता, त्यामुळे शिक्षण हाच तुमचा मुख्य हेतू असेल तर हा मार्ग तुम्हाला हवे ते देईलच असे नाही. शिवाय मोबाइलवरून जाणारा पैसाही चोरीला जाऊ शकतो. काँगोच्या दक्षिण किवू प्रांतात २०२२ मध्ये या संस्थेच्याच काही कर्मचाऱ्यांनी संगनमताने सुमारे ९ लाख डॉलर लुबाडले. संस्थेने ते स्वतः जाहीर केले. माझ्या दृष्टीने या कबुलीमुळे विश्वास कमी न होता थोडा वाढतो, पण ज्याचे पैसे आहेत त्याला हे ठाऊक असावे.

रोख रक्कम एकदम द्यावी की दरमहा थोडी थोडी, यावरही केनियात मोठा प्रयोग सुरू आहे आणि त्याच्या अभ्यासकांमध्ये मुंबईत जन्मलेले नोबेल पारितोषिक विजेते अभिजित बॅनर्जी आहेत. दोन वर्षे दरमहा पैसे मिळालेल्यांपेक्षा एकरकमी पैसे मिळालेल्यांचे व्यवसाय अधिक उभे राहिले, तर ज्यांना १२ वर्षे दरमहा पैसे मिळणार असल्याची खात्री होती त्यांच्यापैकी अनेकांनी आपसांत ‘चामा’ लावून आपली आपणच मोठी रक्कम जमवली. चामा म्हणजे आपली भिशीच.

तिसरा मार्ग धीम्या गतीचा आणि कदाचित सर्वांत कष्टाचा आहे. बांगलादेशातील ब्रॅक संस्थेने २००२ मध्ये आखलेल्या या पद्धतीत अतिगरीब कुटुंबाला एखादे उत्पन्नाचे साधन, काही महिने घर चालवण्यापुरता भत्ता, प्रशिक्षण, बचतीची सोय आणि सुमारे दोन वर्षे घरी येऊन विचारपूस करणारा कार्यकर्ता मिळतो. इथिओपिया आणि घाना यांच्यासह सहा देशांत, दहा हजारांहून अधिक कुटुंबांवर झालेल्या चाचणीत मदत संपल्यानंतर वर्षभरानेही सुधारणा टिकून असल्याचे २०१५ मध्ये दिसून आले. युगांडा आणि केनियात व्हिलेज एंटरप्राइझ ही संस्था याच धर्तीवर तिघांच्या गटाला बीजभांडवल देऊन लहान धंदा उभा करून देते. त्याच सहा देशांपैकी होंडुरासमध्ये वाटलेल्या कोंबड्या रोगाने मेल्या आणि तेथील प्रयोग फसला, ही गोष्ट ‘एका कुटुंबाला शेळी भेट द्या’ अशा जाहिराती पाहताना मी आवर्जून आठवते. जनावराबरोबर चारा, लस आणि पुन्हा पुन्हा येणारा माणूस नसेल तर ती भेट त्या घरावर ओझे होऊन बसते.

बचत गटांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही, कारण महाराष्ट्रातील वाचकाला ते लगेच आपलेसे वाटतील. केअर संस्थेने १९९१ मध्ये नायजर देशात ‘माता मासू दुबारा’ या नावाने सुरू केलेले हे गट आज आफ्रिकाभर पसरले आहेत. बायका गोल करून बसतात, मध्ये तीन कुलपांची लोखंडी पेटी असते, तीन किल्ल्या तीन वेगळ्या बायकांकडे असतात आणि तिघी हजर असल्याशिवाय पेटी उघडत नाही. सावकाराचे दार टाळता येते, ही यातील मोठी मिळकत. मात्र घाना, मलावी आणि युगांडा येथील चाचणीत बायकांचे व्यवसाय आणि घरातील शब्दाचे वजन वाढले, तरी घराचा एकूण खर्च करण्याची ऐपत वाढल्याचे दिसले नाही. केवळ बचतीतून गरिबी हटेल अशी अपेक्षा ठेवू नये.

चौथा मार्ग गरिबीशी थेट भिडत नाही, पण मूल जगवतो. मलेरियाने जगात दरवर्षी सुमारे ६ लाख माणसे मरतात. त्यांतील बहुसंख्य आफ्रिकेत आणि त्यांतही बहुतेक पाच वर्षांखालील मुले. अगेन्स्ट मलेरिया फाउंडेशनसारखी संस्था औषध लावलेली मच्छरदाणी सुमारे ५ डॉलरमध्ये पुरवते. येथे पत्र येणार नाही, फोटोही येणार नाही, कारण जे मूल आजारी पडलेच नाही ते कोणते, हे कोणालाच सांगता येत नाही. ज्याला हे चालते त्याच्या पैशांचा इतका सरळ उपयोग दुसरीकडे क्वचितच होईल.

अनाथाश्रमाला देणगी देण्याच्या विरुद्ध मी ठाम आहे. अशा आश्रमांतील बहुतांश मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. गरिबीपायी त्यांना तेथे ठेवलेले असते. रवांडाने २०१२ पासून असे आश्रम बंद करून मुलांना कुटुंबांत परतवण्याचे धोरण घेतले, ते योग्यच होते. जो पैसा मुलाला घरापासून दूर ठेवण्यात जातो, त्याहून कमी पैशांत ते घरी राहू शकले असते.

मग ४० डॉलरचे काय करावे? दोन वर्षांहून थोड्या अधिक काळाचे हप्ते साठवले तर एका कुटुंबाला एकरकमी मोठी मदत होते, किंवा सुमारे दोनशे मच्छरदाण्या येतात, किंवा एका मुलाची दोन वर्षांची शाळा होते. ज्यांना केवळ परिणाम हवा त्यांनी मच्छरदाणी आणि रोख मदत यांत पैसे विभागावेत. मी तसेच करते. ज्यांना आपल्या मुलांनाही या नात्यात सामील करून घ्यायचे आहे, पत्रे लिहायची आहेत, त्यांनी पालकत्व घ्यावे, पण पैसा त्या मुलावर खर्च होतो की सामायिक निधीत जातो, हे संस्थेला लेखी विचारावे. भारतातून पैसे पाठवणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर येथे प्राप्तिकराची सवलत मिळत नाही; अमेरिका किंवा ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्या नातेवाइकांमार्फत तेथील नोंदणीकृत संस्थेला देणगी दिली तर त्यांना तेथील सवलत मिळू शकते.

आणि कोणी आधीच एखाद्या मुलाचे पालकत्व घेतले असेल, तर हे वाचून ते मध्येच सोडू नये. शाळेचे वर्ष चालू असताना पत्रे थांबली तर त्याचा हिशेब ते मूल आपल्या परीने लावते. त्याचा कार्यक्रम पूर्ण होईपर्यंत वर्गणी द्यावी आणि नवी रक्कम मात्र दुसऱ्या वाटेने पाठवावी.