उसाची गाडी की लाइनची गाडी: इंजिन ऑइल कोणतं आणि किती तासांनी बदलायचं

सांगलीच्या मार्केट यार्डाबाहेर मालाचे ट्रक लागलेले असतात तिथे ऑइलचा विषय काढा, दहा जण बारा मतं देतील. कुणी म्हणेल सिंथेटिक टाका आणि वर्षभर विसरून जा. कुणी म्हणेल ते पैसेवाल्यांचे चोचले, आपलं पंधरा-चाळीस बरं. आपापल्या गाडीपुरते दोघेही बरोबर असतात. एकाची गाडी हळद-बेदाणे भरून दिल्ली गाठते (हीच लांब पल्ल्याची, लाइनची गाडी), दुसऱ्याची पाणंदीतून ऊस काढून कारखान्याच्या आवारात नंबर लावून उभी असते. इंजिन कदाचित सारखंच असेल, पण ऑइलची झीज सारखी नसते. त्यामुळे डबा निवडण्याआधी गाडी कुठे आणि कशी पळते ते पाहायचं.

पर्याय मुख्यतः तीन आहेत. पहिला, १५डब्ल्यू-४० मिनरल, म्हणजे कच्च्या तेलातून काढलेलं साधं ऑइल, दर्जा सीआय-४ प्लस (डब्यावर छापलेला दर्जा; सीके-४ त्यानंतरचा). दुसरा तोच जाडपणा ठेवून सीके-४ दर्जाचा. यात मिनरल आणि अर्धसिंथेटिक दोन्ही मिळतात. तिसरा १०डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-३० पूर्ण सिंथेटिक, म्हणजे रासायनिक प्रक्रियेने बनवलेलं, तोही सीके-४. लिटरमागे भाव पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत साधारण दीडपट ते दुप्पट चढत जातो.

डब्यावरच्या आकड्यांबद्दल आधी दोन गोष्टी. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा. १५डब्ल्यूची चाचणी उणे २० अंशांना होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला. आपल्याकडे जानेवारीत पहाटे दहा-बारा अंश झाले तरी लोक शेकोट्या पेटवतात. म्हणजे ‘थंडीत गाडी लवकर सुरू व्हावी’ म्हणून मिरजेत किंवा कराडात कुणी ५डब्ल्यू घेत असेल, तर तो न पडणाऱ्या बर्फासाठी पैसे मोजतोय. इथे महत्त्वाचा दुसरा आकडा, म्हणजे गरम इंजिनातला जाडपणा. ४० चं ऑइल १०० अंशांना १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्स (जाडपणा मोजण्याचं माप) असतं, ३० चं ९.३ ते १२.५. मे महिन्यात भरल्या गाडीने घाट चढताना बेअरिंग आणि लायनरवरची (सिलिंडरच्या आतल्या नळीवरची) फिल्म, म्हणजे ऑइलचा पातळ थर, याच्यावर टिकते.

आता खरा मुद्दा, किलोमीटरचा. जुन्या धाटणीच्या ट्रकच्या मॅन्युअलमध्ये समजा १८,००० किमीला ऑइल बदला असं लिहिलंय. हा आकडा हमरस्त्यावर सरासरी ताशी ४५ किमीने पळणाऱ्या गाडीला धरला, तर इंजिन ४०० तास चाललं. आता उसाची गाडी घ्या. फडात भरताना इंजिन चालू, वजनकाट्याच्या रांगेत चालू, गव्हाणीपाशी (जिथे ऊस गाळपाला टाकतात) नंबर पुढे सरकतो तसं थोडं थोडं चालू. गाळपाचा हंगाम १२० दिवसांचा आणि इंजिन रोज दहा तास धरलं तर १,२०० तास झाले. सरासरी वेग ताशी १५ किमी पडला तर मीटरवर भरले १८,००० किमी. म्हणजे किलोमीटर बघून चालणारा मालक अख्ख्या हंगामात एकदाच ऑइल बदलेल आणि ‘मॅन्युअलप्रमाणेच केलं’ असंही छातीठोकपणे सांगेल. तोवर त्या ऑइलने ठरल्याच्या तिप्पट तास खाल्लेले असतील.

आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, इंजिन पूर्ण तापत नाही. डिझेल नीट जळत नाही, काजळी वाढते, न जळलेलं थोडं डिझेल पिस्टनच्या रिंगांवरून खाली चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) उतरतं आणि ऑइल पातळ होतं. त्यात जत, आटपाडी, माण, खटावकडची किंवा कुठल्याही पाणंदीची धूळ. एअर फिल्टरचं रबर कुठे सैल असेल तर तीच धूळ ऑइलमध्ये जाऊन लायनर घासते. यातलं काहीही बेस ऑइल सिंथेटिक आहे म्हणून कमी होत नाही. काजळी तेवढीच, धूळ तेवढीच, डिझेलही तेवढंच.

म्हणून उसाच्या गाडीला माझं मत स्पष्ट आहे: सीआय-४ प्लस १५डब्ल्यू-४० आणि दर ३०० तासांनी बदल. ४०० तासांतून कडक कामासाठी पाव भाग कमी केला की ३०० राहतात. गाडीला तासांचं मीटर नसेल तर बसवून घ्या, नाहीतर वहीत लिहा. तेही होत नसेल तर उभ्या इंजिनाचा एक तास म्हणजे ४० ते ५० किमी, असा ढोबळ हिशेब धरून मीटरच्या आकड्यात मिळवा.

पैशाचं गणित करू. भाव जागेनुसार बदलतात, म्हणून हे आकडे फक्त हिशेबासाठी: मिनरल ३०० रुपये लिटर, सिंथेटिक ५५० रुपये, चेंबर १६ लिटरचा, ऑइल आणि डिझेल फिल्टर मिळून १,५००. मिनरलचा एक बदल ६,३०० रुपयांचा, सिंथेटिकचा १०,३०० चा.

उसाच्या हंगामात चार बदल होतात. मिनरलचे २५,२०० रुपये, सिंथेटिकचे ४१,२००. वरचे सोळा हजार कुठे गेले याचं उत्तर कुणी देऊ शकत नाही. ‘सिंथेटिक टाकून दोनच बदल करतो’ असं कुणी म्हणालं, तर वाचलेल्या पैशांतून अर्ध्या इंजिनाच्या दुरुस्तीचा खर्च वजा करून पुन्हा हिशेब करायला सांगा.

लाइनच्या गाडीला हेच गणित उलटं फिरतं. वर्षाला १,२०,००० किमी पळणारी गाडी मिनरलवर २०,००० ला बदलली तर सहा बदल, ३७,८०० रुपये. सिंथेटिकवर ४०,००० ला बदलली तर तीन बदल, ३०,९००. शिवाय वर्कशॉपमध्ये गाडी उभी राहण्याचे तीन दिवस वाचले, आणि लाइनवर दिवस वाया जाणं म्हणजे खेप जाणं. ३० चं ऑइल असेल तर डिझेलमध्ये एक टक्क्याच्या आसपास फरक पडू शकतो. महिन्याला १०,००० किमी आणि लिटरला ४ किमीचं ॲव्हरेज असेल तर डिझेल लागतं २,५०० लिटर. एक टक्का म्हणजे २५ लिटर. डिझेल ९० रुपये धरलं तर महिन्याला सव्वादोन हजार. उसाच्या गाडीला हाच टक्का चहापाण्यात निघून जातो.

यात एक अट आहे आणि ती मोठी आहे. ४०,००० चं अंतर कंपनीच्या मॅन्युअलने दिलेलं असलं पाहिजे. डबा महाग आहे म्हणून अंतर आपोआप वाढत नाही. ३० चं ऑइलही इंजिनासाठी मंजूर असेल तरच. जुन्या, रिंगा ढिल्या झालेल्या इंजिनात ते टाकलं तर ऑइल पिण्याचं प्रमाण वाढेल, हातात दुसरं काही येणार नाही. खालच्या तक्त्यात बीएस म्हणजे सरकारने ठरवलेले गाडीच्या धुराचे टप्पे; आकडा मोठा तितकी गाडी नवी.

| | सीआय-४ प्लस १५डब्ल्यू-४० | सीके-४ १५डब्ल्यू-४० | सीके-४ सिंथेटिक ३० |
|---|---|---|---|
| बीएस-३ किंवा त्याआधीची गाडी | पुरेसं | चालेल, गरज नाही | नको |
| बीएस-४, ऊस-वीट-खडी | पुरेसं, ३०० तास | चालेल, तास तेवढेच | पैसे वाया |
| बीएस-४, लाइन | चालेल | चांगलं | मॅन्युअलमध्ये असेल तर |
| बीएस-६, कुठलंही काम | अजिबात नको | मॅन्युअलप्रमाणे | मॅन्युअलप्रमाणे |

शेवटच्या ओळीकडे नीट लक्ष द्या, कारण तिथे निवडीला जागाच नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि सायलेन्सरच्या वाटेवर काजळी पकडणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ बसला. त्यात साचलेली काजळी तापवून जाळता येते. पण ऑइलमधल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंकची राख जळत नाही. ती तिथेच बसते आणि फिल्टर बुजवत जाते. म्हणून सीके-४ मध्ये राख जास्तीत जास्त एक टक्का असं बंधन आहे. हा दर्जा डिसेंबर २०१६ मध्ये आला. जुन्या गाडीसाठी आणलेला सीआय-४ चा उरलेला डबा ‘जरा टॉपअपला’ म्हणून नव्या गाडीत ओतणारे लोक आहेत. दोनशे रुपये वाचतात आणि डीपीएफचं आयुष्य घटतं.

उलटी भीतीही ऐकू येते, की कमी राखेचं ऑइल जुन्या इंजिनाला हलकं पडेल. पूर्वी यात तथ्य होतं. बीएस-३ च्या काळात डिझेलमध्ये गंधक ३५० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ३५०) चालायचं; ते जळून आम्ल तयार व्हायचं आणि ते मारायला ऑइलमध्ये जास्त क्षार लागायचे. बीएस-४ ला ती मर्यादा ५० झाली, आता पंपावर मिळतं ते १० पीपीएमचं डिझेल. घरात जुनी-नवी मिळून तीन-चार गाड्या असतील तर सगळ्यांना एकच सीके-४ १५डब्ल्यू-४० चं बॅरल आणणं शहाणपणाचं, नव्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये तो जाडपणा बसत असेल तर. थोडा भाव जास्त पडेल, पण ड्रायव्हर चुकीचा डबा उचलण्याची शक्यताच राहत नाही.

फक्त दर्जासोबत इंजिन कंपनीचा स्वतःचा मंजुरी क्रमांकही जुळवा. टाटाच्या अनेक जड गाड्यांत कमिन्सची इंजिनं आहेत. आपल्या सातारा जिल्ह्यात फलटणला त्यांचे कारखानेच आहेत. कमिन्सचा सीके-४ च्या पातळीचा क्रमांक सीईएस २००८६. डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात तो छापलेला असतो. दुकानदार ‘सगळ्यांना चालतं’ म्हणाला तरी डबा उलटा करून बघा. आणि एफए-४ असं छापलेलं ऑइल कुठे दिसलं तर मॅन्युअलमध्ये नाव असल्याशिवाय हात लावू नका. ते मुद्दाम पातळ फिल्मसाठी बनवलेलं आहे.

बीएस-६ मध्ये आणखी एक गंमत आहे. जुना ड्रायव्हर ऑइल कमी झालंय का ते बघतो. इथे वाढलंय का तेही बघावं लागतं. डीपीएफ साफ करताना काही इंजिनं सिलिंडरमध्येच जादा डिझेल सोडतात आणि त्यातलं थोडं चेंबरमध्ये उतरतं. गाडी कमी अंतरात सारखी बंद-चालू होत असेल तर साफसफाई अर्धवट राहते, पुन्हा सुरू होते, आणि ऑइल मोजायच्या पट्टीवरची पातळी वर चढत जाते. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली तर किलोमीटर न बघता ऑइल उतरवा.

घाटाबद्दल मिस्त्री लोकांचा एक आवडता सल्ला असतो: चढाची लाइन आहे तर २०डब्ल्यू-५० टाका, जाड ऑइल दम धरतं. खंबाटकीचा जुना घाट पुण्याहून साताऱ्याकडे येताना चढाचा, कुंभार्ली चिपळूणकडून कराडला येताना. मिस्त्रींची काळजी खरी आहे, पण औषध चुकतंय. जाड ऑइल गार इंजिनात वरपर्यंत उशिरा पोचतं, सगळ्यात उशिरा टर्बोला (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याला), आणि त्याचा शाफ्ट पूर्ण जोरात मिनिटाला लाखभर फेरे घेतो. ऑइल ढवळायलाही ताकद जाते, ती डिझेलमधूनच येते. सहा-साडेसहा लिटरच्या इंजिनातून अडीचशे-तीनशे अश्वशक्ती काढायची म्हणजे टर्बोवरच सगळी भिस्त. घाटासाठी खरी काळजी म्हणजे माथ्यावर पोचून चहाला थांबताना लगेच चावी न फिरवणं. दोन-तीन मिनिटं इंजिन आयडलला ठेवा. लगेच बंद केलं तर टर्बोच्या तापलेल्या बेअरिंगमध्ये अडकलेलं ऑइल जळून कोळसा होतं. इथे मात्र सिंथेटिकची बाजू खरी आहे, ते उष्णता जास्त सोसतं. कोकणात रोजची लाइन असेल आणि गाडी नवी असेल तर मी त्याला हो म्हणेन.

ऑइल काळं पडलं म्हणून घाबरून बदलू नका. डिझेल इंजिनात चांगलं ऑइल थोड्याच दिवसांत काळं होतं. काजळी पकडून तरंगत ठेवणं हेच त्याचं काम. शंका असेल तर गरम इंजिनातला एक थेंब पट्टीवरून गाळण कागदावर टाका आणि काही तास ठेवा. काळेपणा कडेपर्यंत फिकट होत पसरला तर ऑइलमध्ये अजून जीव आहे. मधे घट्ट काळा ठिपका आणि भोवती नुसती पिवळी कड राहिली तर काजळी धरण्याची ताकद संपली. पाच-सहा गाड्या असतील तर प्रयोगशाळेत नमुना पाठवणं परवडतं. अहवालात सिलिकॉन वाढलेलं दिसलं तर धूळ, लोखंड वाढलं तर लायनर, शिसं-तांबं वाढलं तर बेअरिंग, सोडियम-पोटॅशियम दिसलं तर कूलंट गळतंय. बदलाचं अंतर वाढवायचं असेल तर अशा अहवालावर वाढवा, अड्ड्यावरच्या पैजेवर नको.

खरेदीत दोनच पथ्यं: सुटं ऑइल नाही, आणि बिलाशिवाय नाही. नामांकित डब्यात भलतंच भरून विकणं हा जुना धंदा आहे. म्हणून रिकामे डबे भंगारात देताना भोक पाडूनच द्या. उतरवलेलं काळं ऑइल लाकडाला लावायला थोडं ठेवतात ते ठीक, बाकीचं नोंदणीकृत रिसायकल करणाऱ्यालाच द्यायचं असतं. ओढ्यात सोडलं की ते कृष्णेत जातं.

हंगाम संपल्यावरची गोष्ट बहुतेक जण उलटी करतात. मार्च-एप्रिलमध्ये कारखाना बंद झाला की गाडी किंवा ट्रॅक्टर तसाच शेडखाली लावतात आणि दिवाळीच्या सुमाराला, पहिल्या खेपेआधी नवं ऑइल भरतात. तोवर हंगामभराची काजळी, आम्ल आणि ओल घेऊन जुनं ऑइल अख्खा पावसाळा बेअरिंगवर बसलेलं असतं. बदल उभं करण्याआधी करा. इंजिन गरम असताना ऑइल उतरवा, फिल्टर बदला, नवं भरून दहा मिनिटं चालवा आणि मग झाकून ठेवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरला पट्टी बघून त्याच ऑइलवर हंगाम सुरू करता येतो, मॅन्युअलमधली महिन्यांची मुदत ओलांडली नसेल तर. आणि ३०० तासांची वही पुन्हा पहिल्या पानापासून.