यूटीआय८९ की सीएफटी०७३?

उंदरातल्या मूत्रमार्ग संसर्गाचं काम सुरू करताना निवड बहुधा ई. कोलाय जिवाणूच्या या दोन वाणांमध्येच असते. दोन्ही रुग्णांकडून मिळालेले: सीएफटी०७३ किडनीच्या संसर्गातून, यूटीआय८९ मूत्राशयाच्या. जीनोम दोन्हींचे उपलब्ध, सीएफटी०७३चा २००२ पासून, यूटीआय८९चा २००६ पासून.

माझ्या मते निकाल लागतो तो टाइप १ पिलीवर, म्हणजे जिवाणूच्या अंगावरच्या केसासारख्या तंतूंवर. पिलीच्या टोकाचं फिमएच हे प्रथिन नसेल तर जिवाणू मूत्राशयाच्या पेशीला धरत नाही. पिली उगवायची की नाही, हे डीएनएचा एक उलटसुलट होणारा तुकडा ठरवतो, आणि शेकरवर, म्हणजे सतत हलवत वाढवलं की तो 'बंद'कडे झुकतो. म्हणून एलबी या पोषक द्रवात ३७ अंशांवर न हलवता २४ तास, मग १:१००० पातळ करून ताज्या एलबीत पुन्हा २४ तास. एवढ्यावर यूटीआय८९ भरपूर पिली काढतो. सीएफटी०७३ मात्र त्याच माध्यमात, तितक्याच वेळात पुष्कळदा 'बंद'च राहतो. मग मूत्राशयातली जिवाणूंची मोजणी कमी आली, तर दोष म्युटेशनचा की कल्चरचा, हे सांगता येत नाही. प्रत्येक कल्चर गिनीपिगच्या तांबड्या पेशींवर तपासावं लागतं: गुठळ्या व्हायला हव्यात आणि मॅनोज ही साखर घातली की त्या होता कामा नयेत. सेंट्रिफ्यूजमध्ये तळाशी बसलेला जिवाणूंचा गोळा पिपेटने हलकेच विरघळवावा. व्हॉर्टेक्स या ढवळणाऱ्या यंत्राच्या झटक्याने पिली तुटतात. ही चाचणी यूटीआय८९लाही करावीच, फक्त तिथे ती सहसा अडत नाही.

पेशींच्या आत दाटीने वाढणारे पुंजके पाहायचे असतील तर यूटीआय८९ आणि सी३एच/एचईएन उंदीर ही जोडी घ्यावी. सहा तासांत ते दिसतात. पण या उंदरांत लघवी मूत्राशयातून वर किडनीकडे चढते, तेव्हा तिथल्या किडनीच्या आकड्यांवरून 'जिवाणू स्वतः वर पोहोचला' असं म्हणू नये.

प्रश्न किडनीचा किंवा रक्तापर्यंत जाणाऱ्या संसर्गाचा असेल, तर सीएफटी०७३ला डावलणं कठीण. सीबीए/जे उंदरांत ४८ तासांनी मोजायची पद्धत त्याच्यावर रुळलेली आहे, तुलनेला म्युटंटही भरपूर. फक्त स्टॉक आल्यावर आरपीओएस जनुक सिक्वेन्स करून घ्यावं. काही स्टॉकमध्ये ते बिघडलेलं असतं, आणि ताण सोसण्याचे प्रयोग त्याने फसतात.

औषधप्रतिकारासाठी या दोघांपेक्षा ई. कोलायच्या एसटी१३१ या औषधप्रतिकारक गटातला ईसी९५८ हा वाण बरा. मूत्राशयासाठी मात्र मी यूटीआय८९च सुचवेन.