जीपीएल की बीएसडी: खुलेपणाचे दोन परवाने
लिनक्स या संगणक प्रणालीचे कर्नल, म्हणजे तिचा गाभा, १९९२ पासून जीपीएल या सॉफ्टवेअर परवान्याखाली आहे, तर फ्रीबीएसडी ही दुसरी संगणक प्रणाली बीएसडी परवान्याखाली. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, दोन्हींचा खुला असला, तरी अटी निराळ्या आहेत. बीएसडी परवाना मूळ लेखकांच्या हक्काची सूचना कायम ठेवण्यापलीकडे फारसे काही मागत नाही, म्हणूनच सोनीला प्लेस्टेशन ४ ची प्रणाली फ्रीबीएसडीवर उभारूनही आपले बदल बंद ठेवता आले. जीपीएलखालील प्रणाली इतरांना देणाऱ्याला मात्र तिचा सोर्स कोडही द्यावा लागतो. याच अटीमुळे २००३ मध्ये लिंक्सिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरचा कोड खुला झाला आणि त्यातून ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची खुली प्रणाली उभी राहिली. छोट्या लायब्ररीसाठी, म्हणजे इतर प्रोग्राममध्ये वापरायच्या तयार कोडसाठी, बीएसडी सोयीचा आहे, हे मान्य. परंतु उपकरण विकत घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले, तर जीपीएलची सक्तीच मला अधिक उदार वाटते.