कांदा की ऱ्हिओ, मायोसिस (क्रोमोसोम म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारं पेशीविभाजन) बघायला कळ्या कशाच्या घ्यायच्या?

पुण्यात बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला दरवर्षी हाच घोळ असतो, तर माझं मत सांगते. पहिल्यांदा करताय तर कांदाच घ्या, २एन (पेशीतले एकूण क्रोमोसोम) १६ म्हणजे ८ जोड्या, क्रोमोसोम चांगले मोठे, मेटाफेजला, म्हणजे ते पेशीच्या मध्यावर रांगेत येतात त्या टप्प्याला, सरळ मोजता येतात. अडचण एवढीच की कांद्याच्या फुलांचे गोंडे हिवाळ्याच्या शेवटीच मिळतात, चाकणकडं कुणाचा बियाण्याचा प्लॉट असेल तर सकाळीच जाऊन कोवळ्या कळ्या तीनास एक अल्कोहोल-ॲसिटिक ॲसिडमध्ये टाकायच्या.

ऱ्हिओ मात्र सोसायटीच्या कुंडीत वर्षभर असतो, तीच ती खालून जांभळी पानं आणि होडीसारख्या झाकणात पांढरी फुलं. याचे क्रोमोसोम १२च, पण जोड्या लावत नाहीत, टोकाला टोक जोडून गोल कडं करतात, कधी तुटून साखळी होते. कारण ट्रान्सलोकेशन, तुकड्यांची अदलाबदल झालेली, त्यामुळे प्रत्येक क्रोमोसोमची दोन टोकं दोन वेगळ्या क्रोमोसोमशी जुळतात. कड्यातले क्रोमोसोम एकाआड एक दोन्ही बाजूंना नीट वाटले गेले नाहीत की परागकण वांझ, कार्मिनमध्ये (लाल रंगद्रव्यात) रिकामे फिक्के दिसतात. मला ऱ्हिओच जास्त आवडतो, पण नॉर्मल जोडी न बघता थेट कडं बघितलं तर त्यात विशेष काय ते कळणारच नाही.